'इल प्यू' की '-ईस्सिमो'? इटालियनमधला तमभाव

'बेल्लीस्सिमो' हा शब्द इटालियन न शिकलेल्यालाही ठाऊक असतो, आणि गोची तिथेच होते. 'सगळ्यात सुंदर' म्हणायचं असलं की नवशिका हाच शब्द पुढे करतो. मग 'इटलीतलं सगळ्यात सुंदर शहर' याचं 'ला चित्ता बेल्लीस्सिमा दितालिया' होऊन बसतं. समोरच्या इटालियन माणसाला काय म्हणायचंय ते कळतं, पण वाक्य त्याच्या कानाला खटकतं. कारण 'बेल्लीस्सिमो' म्हणजे सगळ्यात सुंदर नव्हे, 'फारच सुंदर'.

इटालियनमध्ये तमभाव, म्हणजे विशेषणाचं 'सगळ्यात' किंवा 'अतिशय' दाखवणारं रूप, दोन प्रकारचे आहेत आणि दोघांचं काम वेगळं आहे. एक तुलना करतो: दहाजणांत सगळ्यात उंच कोण, इटलीत सगळ्यात लांब नदी कुठली. याला सापेक्ष तमभाव म्हणतात. दुसरा कुणाशीच तुलना करत नाही, फक्त गुणाचा जोर वाढवतो: फार उंच, अतिशय लांब. हा निरपेक्ष. मराठीतही 'सगळ्यात उंच' आणि 'खूपच उंच' असे दोन वेगळे प्रयोग आहेतच, त्यामुळे मराठी माणसाला हा भेद नवा नाही. बोलण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारायचा: 'कुणांमध्ये?' उत्तर देता आलं तर 'इल प्यू'. प्रश्नच लागू होत नसेल तर '-ईस्सिमो'.

पुढे इटालियन शब्द देवनागरीत दिले आहेत. त्यातला 'च' सगळीकडे 'चिमणी'तला आहे, 'चोर'मधला नाही. जोडाक्षरं 'पक्का', 'कच्चा' म्हणताना दाबतो तशी दाबून म्हणायची. 'बेल्लो'मधला 'ल्ल' सैल सोडला तर तो शब्दच राहत नाही.

तुलना करणारा: 'इल प्यू'

'प्यू' म्हणजे 'अधिक'. त्याच्या आधी निश्चित उपपद (इंग्रजी 'द'सारखं: इल, ला, इ, ले वगैरे) आलं की 'अधिक'चं 'सर्वाधिक' होतं. 'उन लीब्रो प्यू इंतेरेस्सांते' म्हणजे 'याहून रंजक असं एखादं पुस्तक', आणि 'इल लीब्रो प्यू इंतेरेस्सांते' म्हणजे 'सगळ्यात रंजक पुस्तक'. 'उन' आणि 'इल' एवढाच फरक. उपपद खाल्लं की तमभाव गेलाच.

'इल पो ए इल फ्यूमे प्यू लुंगो दितालिया.' पो ही इटलीतली सगळ्यात लांब नदी, लांबी 652 किलोमीटर. या एका वाक्यात मराठी माणूस हमखास अडखळतो अशा तीन जागा आहेत.

पहिली जागा लिंगाची. मराठीत नदी स्त्रीलिंगी, इटालियनमध्ये 'फ्यूमे' पुल्लिंगी. म्हणून 'इल' आणि 'लुंगो'. 'ला' आणि 'लुंगा' नाही. डोंगराच्या बाबतीत उलट होतं. आपला डोंगर पुल्लिंगी, त्यांची 'मोंतान्या' स्त्रीलिंगी: 'ला मोंतान्या प्यू आल्ता'. 'कळसूबाई हे महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर' म्हणायचं तर शिखराला 'चीमा' हा स्त्रीलिंगी शब्द आहे, म्हणून 'ला चीमा प्यू आल्ता देल महाराष्ट्र'. मराठीतलं लिंग डोक्यातून काढून टाकलेलं बरं. नाम पाठ करताना उपपदासकटच पाठ करावं.

दुसरी जागा उपपदाची. ते एकदाच येतं, नामाआधी. ज्यांनी शाळा-कॉलेजात आधी फ्रेंच घेतलेलं असतं ते सवयीने विशेषणाआधी ते पुन्हा घालतात आणि 'ला चित्ता ला प्यू बेल्ला' म्हणतात. फ्रेंचमध्ये ते बरोबर आहे. इटालियनमध्ये 'ला चित्ता प्यू बेल्ला', बस. विशेषण नामाआधी आणलं तरी उपपद एकच: 'ला प्यू बेल्ला चित्ता'. नाम गाळलं तरी चालतं: 'ए ला प्यू बेल्ला', ही सगळ्यात सुंदर.

तिसरी जागा 'दि'ची, आणि ही चूक सर्वांत चिवट. मराठीत आपण 'इटलीतली', 'वर्गातली', 'जगातली' म्हणतो. 'त' डोक्यात असल्यामुळे हात आपोआप 'इन' या शब्दाकडे जातो, आणि इंग्रजीही तेच शिकवतं. इटालियन मात्र इथे 'दि' म्हणजे 'चा-ची-चे' वापरतं: इटलीची सगळ्यात लांब नदी, वर्गाचा सगळ्यात हुशार मुलगा. 'दि'ला उपपद चिकटून त्याचं रूप बदलतं: 'देल मोंदो' (जगातला), 'देल्ला क्लास्से' (वर्गातला), 'देल्लान्नो' (वर्षातला). 'ला सिचील्या ए लीझोला प्यू ग्रांदे देल मेदितेर्रानेओ', सिसिली हे भूमध्य समुद्रातलं सगळ्यात मोठं बेट. 'लेत्ना ए इल वुल्कानो आत्तीवो प्यू आल्तो देउरोपा', एटना हा युरोपातला सगळ्यात उंच जागृत ज्वालामुखी. कुठेही 'इन' नाही.

मोजता येतील अशा व्यक्ती किंवा वस्तूंमधून एक निवडायची असली तर 'दि'ऐवजी 'त्रा' किंवा 'फ्रा'ही चालतं: 'ला प्यू जोवाने फ्रा ले त्रे सोरेल्ले', तिघी बहिणींत सगळ्यात धाकटी. 'त्रा' आणि 'फ्रा' यांत अर्थाचा फरक नाही, कानाला बरं लागेल ते घ्यावं. 'त्रा त्रे' म्हणताना जीभ अडखळते, म्हणून वर 'फ्रा'.

'…पैकी एक' म्हणायचं असेल तर नाम अनेकवचनी हवं: 'रोमा ए ऊना देल्ले चित्ता प्यू बेल्ले देल मोंदो'. 'चित्ता'चं अनेकवचन 'चित्ता'च, त्यामुळे बदल 'देल्ले' आणि 'बेल्ले' इथेच दिसतो, आणि तिथेच विसरला जातो.

'सगळ्यात कमी' साठी हाच साचा, 'प्यू'च्या जागी 'मेनो': 'इल मेनो कारो', सगळ्यात कमी महाग.

'मी आजवर पाहिलेला सगळ्यात चांगला सिनेमा' अशी लांब शेपटी जोडायची असेल तर 'के' नंतर क्रियापद संभावनार्थात जातं: 'इल फिल्म प्यू बेल्लो के आब्ब्या माई विस्तो'. बोलताना पुष्कळ इटालियन लोक 'आब्ब्या'ऐवजी सरळ 'ओ' म्हणतात. परीक्षेत आणि लिखाणात 'आब्ब्या'च लिहावं.

विशेषण नामाआधी की नंतर? नंतर ठेवणं सुरक्षित. आधी आणलं की 'बेल्लो'सारखे शब्द उपपदासारखे रूप बदलतात: 'इल जोर्नो प्यू बेल्लो देल्ला मीया वीता' सरळ आहे, पण उलटवलं की 'इल प्यू बेल जोर्नो' होतं.

जोर वाढवणारा: '-ईस्सिमो'

पुस्तकं सांगतात की विशेषणाचा शेवटचा स्वर काढा आणि '-ईस्सिमो' लावा. बेल्लो – बेल्लीस्सिमो, ग्रांदे – ग्रांदीस्सिमो, फेलीचे – फेलिचीस्सिमो. इथवर ठीक. पण 'सिम्पातिको' (मनमिळाऊ) आणि 'स्तांको' (दमलेला) समोर आले की नियम मुका होतो, कारण पहिल्याचं 'सिम्पातिचीस्सिमो' होतं आणि दुसऱ्याचं 'स्तांकीस्सिमो'. शेवट दोघांचाही 'को', मग एकाचा 'च' आणि दुसऱ्याचा 'क' का?

यावर एक सोपी युक्ती आहे आणि ती जवळजवळ कधीच दगा देत नाही. विशेषणाचं पुल्लिंगी अनेकवचन करा आणि त्याला '-स्सिमो' जोडा. सिम्पातिको – सिम्पातिची – सिम्पातिचीस्सिमो. स्तांको – स्तांकी – स्तांकीस्सिमो. आंतीको (प्राचीन) – आंतीकी – आंतिकीस्सिमो. लुंगो – लुंगी – लुंगीस्सिमो. फ्रेस्को (ताजा) – फ्रेस्की – फ्रेस्कीस्सिमो. शेवटी 'इयो' असलेले शब्दही यातच सुटतात: वेक्क्यो (म्हातारा, जुना) – वेक्की – वेक्कीस्सिमो, सेर्यो (गंभीर) – सेरी – सेरीस्सिमो. अनेकवचन येत असेल तर तमभाव आपोआप येतो, वेगळं पाठांतर नको.

देवनागरीत लिहिलं की उच्चार दिसतो, पण रोमन लिपीत लिहिताना आणखी एक काळजी घ्यावी लागते. 'क' आणि 'ग' हे उच्चार 'आय'पुढे टिकवायचे तर मध्ये 'एच' घालावा लागतो. 'स्तांकीस्सिमो'तला 'सी' आणि 'लुंगीस्सिमो'तला 'जी' यांच्यानंतर 'एच' राहिला तर वाचणारा 'स्तांचीस्सिमो', 'लुंजीस्सिमो' वाचेल. उलट 'सिम्पातिचीस्सिमो'त 'एच' घातला तर तेही चूकच. वह्या तपासताना सर्वांत जास्त लाल शाई इथे जाते.

आघात नेहमी 'ईस्'वर: बेल्-लीस्-सि-मो. मूळ शब्दात तो कुठेही असो, इथे सरकतोच. 'सिम्पातिको'त 'पा'वर होता, 'सिम्पातिचीस्सिमो'त 'ची'वर येतो. मराठी बोलण्यात आघाताला फारसं महत्त्व नसल्यामुळे आपण सगळी अक्षरं सारख्या वजनाने म्हणतो, आणि शब्द बरोबर असूनही समोरचा 'काय?' विचारतो.

आता जुळणी. 'बेल्लो'सारखी विशेषणं 'मोठा-मोठी-मोठे'सारखी बदलतात. 'ग्रांदे', 'फेलीचे' यांसारखी 'ए'कारान्त विशेषणं मात्र लिंगानुसार बदलत नाहीत, आपल्या 'सुंदर'सारखी: 'ऊना कासा ग्रांदे', 'उन लीब्रो ग्रांदे'. पण '-ईस्सिमो' लागलं की 'सुंदर'चा 'मोठा' होतो, म्हणजे चारही रूपं सुरू होतात: ग्रांदीस्सिमो, ग्रांदीस्सिमा, ग्रांदीस्सिमी, ग्रांदीस्सिमे. मूळ शब्द बदलत नाही म्हणून तमभावही बदलणार नाही असं धरून चालणारे 'ऊना कासा ग्रांदीस्सिमे' लिहितात. एकवचनी घराला अनेकवचनी शेपूट.

पाश्चात्त्य संगीत शिकणाऱ्यांना हा प्रत्यय आधीच भेटलेला असतो. गोव्यात चर्चच्या गायनवृंदात किंवा व्हायोलिनच्या शिकवणीत स्वरलिपीवर 'प्यानीस्सिमो', 'फोर्तीस्सिमो', 'प्रेस्तीस्सिमो' दिसतात. ते म्हणजे 'प्यानो' (हळू आवाजात), 'फोर्ते' (जोरात) आणि 'प्रेस्तो' (जलद) यांचेच तमभाव. दोन 'पी' म्हणजे फारच हळू. सगळ्या वाद्यांत सगळ्यात हळू असा त्याचा अर्थ नाही, म्हणजे इथेही तुलना नाहीच.

थोड्या शब्दांना लॅटिनमधून आलेला '-एर्रिमो' लागतो: चेलेब्रे (प्रख्यात) – चेलेबेर्रिमो, मीझेरो (दीनवाणा) – मिझेर्रिमो, इंतेग्रो (सचोटीचा) – इंतेजेर्रिमो. वाचताना ओळखता आले म्हणजे झालं. बोलण्यात 'मोल्तो चेलेब्रे' म्हणून मोकळं व्हावं.

स्वतंत्र रूपांचा परिवार

चार नेहमीच्या विशेषणांना नियमित रूपांबरोबर खास रूपंही आहेत. ब्वोनो (चांगला): इल मिल्योरे, ओत्तिमो. कात्तीवो (वाईट): इल पेज्जोरे, पेस्सिमो. ग्रांदे (मोठा): इल माज्जोरे, मास्सिमो. पिक्कोलो (लहान): इल मिनोरे, मीनिमो. प्रत्येक जोडीतलं पहिलं रूप तुलनेचं, दुसरं निव्वळ जोराचं.

'इल प्यू ब्वोनो' आणि 'इल मिल्योरे' दोन्ही बरोबर, पण जागा वेगळ्या. चवीला आणि स्वभावाला 'प्यू ब्वोनो': 'ला पीत्सा प्यू ब्वोना दि नापोली'. दर्जाला आणि कर्तबगारीला 'मिल्योरे': 'इल मिल्योर रिस्तोरांते', सर्वोत्कृष्ट रेस्टॉरंट. (पुल्लिंगी नामाआधी शेवटचा 'ए' बहुतेकदा गळतो.) तसंच डोळ्यांनी दिसणाऱ्या आकाराला 'प्यू ग्रांदे', आणि वय किंवा महत्त्वाला 'माज्जोरे'. थोरला भाऊ तो 'फ्रातेल्लो माज्जोरे', धाकटा 'मिनोरे'. थोरला उंचीने खुजा असला तरी. हवामानाच्या बातम्यांत 'मास्सिमा' आणि 'मीनिमा' म्हणजे आपलं कमाल आणि किमान तापमान. पालेर्मोमधलं 1897 साली सुरू झालेलं ऑपेरागृह इटलीत सगळ्यात मोठं. त्याचं नावच 'तेआत्रो मास्सिमो'.

'आल्तो'चं 'सोम्मो' आणि 'सुप्रेमो', 'बास्सो'चं 'इंफिमो' ही रूपं मोजक्या ठिकाणी दिसतात. 'इल सोम्मो पोएता' (सर्वश्रेष्ठ कवी) म्हटलं की नाव घ्यावं लागत नाही, तो दांतेच.

हे शब्द मुळातच तमभावाचे असल्यामुळे त्यांच्यावर आणखी थर चढत नाही. 'प्यू मिल्योरे', 'मोल्तो ओत्तिमो', 'इल प्यू पेस्सिमो', 'मोल्तो बेल्लीस्सिमो' हे सगळं चूक. मराठी कानाला ही बंदी थोडी जाचक वाटते. 'उत्तम' या शब्दात 'तम' आहेच, तरी आपण बिनदिक्कत 'सगळ्यात उत्तम' म्हणतो. 'श्रेष्ठ' हाही मूळचा तमभावच, त्याचं 'श्रेष्ठतम' करतो आणि वर 'सर्वश्रेष्ठ'ही. योगायोग म्हणजे 'ओत्तिमो'चं लॅटिन शेपूट आणि संस्कृतातला 'तम' हे एकाच जुन्या प्रत्ययाचे वंशज आहेत. (म्हणून 'ओत्तिमो' म्हणजेच 'उत्तम' असं मात्र नाही. धातू वेगळे, शेपूट तेवढं एक.) खरं तर इटालियन लोकही सोवळं नेहमी पाळत नाहीत. 'ऊल्तिमो' (शेवटचा) हा मुळात तमभाव असूनही ताज्या बातम्यांना ते सर्रास 'उल्तिमीस्सिमे' म्हणतात.

गोलाकार, वार्षिक, रासायनिक, अनंत अशा विशेषणांना कमी-जास्त होत नाही, तिथे तमभावही नाही. रंगांना आणि राष्ट्रीयत्वाला मात्र चालतो. 'इतालियानीस्सिमो' म्हणजे हाडाचा, अस्सल इटालियन.

प्रत्ययावाचून जोर

लांबलचक विशेषणाला '-ईस्सिमो' लावताना जीभ वळत नसेल तर 'मोल्तो' हा हक्काचा शब्द आहे: 'मोल्तो बेल्ला', खूप सुंदर. विशेषणाआधी 'मोल्तो' कधीही बदलत नाही. 'मोल्ता बेल्ला' ही चूक आपल्याकडून होण्याचं कारण घरातच आहे. आपण 'बरीच मोठी पिशवी', 'चांगली मोठी खोली' म्हणतो, जोर देणारा शब्दही लिंगानुसार फिरवतो. इटालियनमध्ये 'मोल्तो' फक्त नामाआधी फिरतो: 'मोल्ता आक्क्वा', पुष्कळ पाणी.

द्विरुक्तीही आहे. 'प्यानो प्यानो' म्हणजे अगदी आपलं हळूहळू. उपसर्ग आहेत: 'स्त्रापियेनो' (गच्च भरलेला), 'आर्चिनोतो' (सर्वांना पुरेपूर माहीत असलेला).

पण मराठी माणसाला खरी मजा येते ती ठरीव जोड्यांत. आपण 'पांढराशुभ्र', 'काळाकुट्ट', 'हिरवागार' म्हणतो; 'हिरवाकुट्ट' म्हटलं तर हसतात. इटालियनमध्येही अशा बांधलेल्या जोड्या आहेत. 'बान्यातो फ्रादिचो' म्हणजे ओलाचिंब. यातला 'फ्रादिचो' एरवी कुजका, सडका. 'प्येनो त्सेप्पो' म्हणजे खचाखच भरलेला. 'बूयो पेस्तो' म्हणजे मिट्ट काळोख. 'न्वोवो दि त्सेक्का' म्हणजे कोरा करकरीत. 'त्सेक्का' ही टांकसाळ, नुकतं पाडलेलं नाणं डोळ्यांपुढे आणावं. 'स्तांको मोर्तो' म्हणजे दमून मेलेला. 'रिक्को स्फोंदातो' म्हणजे गडगंज श्रीमंत. शब्दशः, ज्याच्या पैशाला तळच नाही. एका जोडीचा दुसरा भाग उचलून भलत्याला लावता येत नाही, आणि या जोड्यांना वर '-ईस्सिमो'ही नको. 'दि त्सेक्का' तेवढं तसंच राहतं; बाकी जोड्यांचे दोन्ही भाग लिंग-वचनाप्रमाणे बदलतात, म्हणून बाई भिजली तर 'बान्याता फ्रादिचा'.

गंमत म्हणजे '-ईस्सिमो' नामांनाही लागतो. सायकलपटू कोस्तांते जिरार्देंगो आणि पुढे फाउस्तो कोप्पी यांना 'काम्प्योनीस्सिमो' (विजेत्यांचा विजेता) हीच पदवी मिळाली. 1797 पर्यंत टिकलेलं व्हेनिसचं प्रजासत्ताक 'ला सेरेनीस्सिमा' म्हणून ओळखलं जाई. 1 जून 2022 रोजी लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर फुटबॉलमध्ये अर्जेंटिनाने इटलीला 3-0 असं हरवलं, त्या सामन्याचं नाव 'फिनालीस्सिमा'. ही नामं जशी ऐकली तशी वापरावीत, स्वतः नवी पाडू नयेत.

पत्रातला '-ईस्सिमो'

इटलीतल्या विद्यापीठाला किंवा कार्यालयाला मेल लिहिताना तमभाव मायन्यातच लागतो. 'जेंतीले' (आदरणीय) चालतं, 'जेंतिलीस्सिमो' अधिक आदबशीर. विद्यापीठातल्या प्राध्यापकांसाठी 'क्यारीस्सिमो' (अतिविख्यात) हा राखीव मायना आहे. जवळच्या माणसाला 'कारीस्सिमो'. उच्चारात 'क्या' आणि 'का' एवढाच फरक, पण प्राध्यापकांना दुसरा लिहिला तर सलगी होते.

मायना बहुतेकदा संक्षेपात लिहितात: शब्दाची सुरुवातीची अक्षरं, टिंब, आणि मग शेपूट – पुरुषाला 'मो', स्त्रीला 'मा', अनेकांना 'मी', फक्त स्त्रिया असतील तर 'मे'. म्हणजे लिंगाची चूक पहिल्याच ओळीत उघडी पडते. नाव 'आ'कारान्त दिसलं म्हणून बाई समजू नये: आंद्रेआ, लूका, निकोला, मात्तिया ही इटलीत पुरुषांची नावं आहेत, त्यांना 'जेंतिलीस्सिमो'. आणि मेल कोण उघडणार हेच माहीत नसेल, म्हणजे एखाद्या विभागाला लिहायचं असेल, तर पुल्लिंगी अनेकवचन 'जेंतिलीस्सिमी' वापरतात. त्यात स्त्री-पुरुष दोघेही आले.